घरबसल्या प्राकृतिक भूगोल शिकताना प्रात्यक्षिक कुठं करायचं?

तेरणेकाठची

नमस्कार मंडळी. मी औसा तालुक्यातली. बारावीनंतर लग्न झालं आणि शिक्षण राहून गेलं. मुलगी शाळेत जायला लागली तसं यंदा दूरशिक्षणातून बी.ए.ला नाव घातलं, विषय भूगोल. पहिलाच पेपर प्राकृतिक भूगोलाचा. जोडीला स्वयम या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवरचा एक प्राथमिक अभ्यासक्रमही लावलाय. रात्री सगळं आवरलं की मोबाइलवर व्हिडिओ बघते, वहीत उतरवून घेते, आठवड्याची प्रश्नावली सोडवते.

गुण बरे पडतात, पण डोळ्यांपुढं काही उभं राहत नाही. चित्रांत सगळीकडं हिमनद्या, फिओर्ड, समुद्रकडे. प्रयोगशाळा नाही, सहल नाही. अभ्यासकेंद्रावर फक्त परीक्षेला जायचं. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या नकाशातल्या रेषा, पाठ आहेत, पण नकाशा हातात दिला तर डोंगर कुठं नि दरी कुठं ते सांगता येत नाही. हवा वर गेली की थंड होते म्हणतात, मग डोंगर उतरून आलेली हवा कोरडी आणि गरम का, हे नीट कळलेलं नाही. आणि मनातला खरा प्रश्न असा: पुस्तकात लिहिलंय, भूकंप भूपट्टांच्या (पृथ्वीच्या कवचाच्या मोठ्या सरकत्या तुकड्यांच्या) कडेला होतात. किल्लारी आमच्याच तालुक्यात. इथं कुठली कड आहे?

ज्यांनी असा घरी बसून भूगोल केलाय त्यांनी कसा केला, ते सविस्तर सांगा.

निवृत्त गुरुजी, परभणी

ताई, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. मी आयुष्यभर हाच विषय शिकवला. प्रयोगशाळा असलेल्या कॉलेजातही मुलं नकाशे गिरवून जर्नल पूर्ण करायची आणि बाहेरच्या ओढ्याकडं बघायचीसुद्धा नाहीत. तेव्हा तुमचं काही हुकलंय असं समजू नका.

पहिलं प्रात्यक्षिक अंगणात करा. एक मीटर उंचीची सरळ काठी सपाट जमिनीत रोवा. ओळंबा लावून ती उभी आहे ना ते बघा. पावणेबारा ते एक या वेळात दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूनं खूण करा. सगळ्यात आखूड सावली पडते ती तुमच्या गावची खरी मध्यान्ह, आणि त्या सावलीची रेघ म्हणजे नेमकी दक्षिणोत्तर दिशा. घड्याळात तेव्हा बारा वाजलेले नसतील. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची. लातूर साधारण ७६.५ अंशावर. सहा अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य तुमच्या डोक्यावर २४ मिनिटं उशिरा येतो. त्याखेरीज सूर्य स्वतःही वर्षभरात काही मिनिटं मागंपुढं होतो. म्हणून फेब्रुवारीत आणि नोव्हेंबरात उत्तर वेगळं येईल. ते वेगळं येऊ द्या, लिहून ठेवा.

आता सावलीची लांबी मोजा. विषुवदिनी, म्हणजे २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या आसपास, लातूरला एक मीटर काठीची दुपारची सावली सुमारे ३३ सेंटीमीटर पडते. संभाजीनगरला ३६. कारण त्या दिवशी सूर्य जेवढा कलतो तो कोन म्हणजेच तुमच्या गावाचं अक्षांश. २२ डिसेंबरला तीच सावली ९० सेंटीमीटरच्या घरात जाते. मेच्या मध्याला लातूर-नांदेडकडं एक दिवस असा येतो की मध्यान्हीला सावलीच नाही. २१ जूनला सावली पुन्हा दिसते, पण ती दक्षिणेला पडलेली असते! आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहतो म्हणून हे बघायला मिळतं. दिल्लीकरांच्या नशिबात हे नाही.

हे एकदा हातानं केलं की ऋतू अंतरामुळं होत नाहीत, अक्षाच्या कलामुळं होतात, हे वेगळं पाठ करावं लागत नाही. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, आपण शेकोटीला बसतो तेव्हा.

संभाजीनगरचा प्रवासी

गुरुजी, मस्त. मग लातूर आणि संभाजीनगर मिळून पृथ्वीचा घेर काढता येईल की. इराटोस्थेनिसनं अलेक्झांड्रिया आणि आस्वानच्या सावल्यांवरून काढला तसा.

निवृत्त गुरुजी, परभणी

येईल. दोन्ही गावांच्या अक्षांशांत दीड अंशाला थोडा कमी फरक आहे आणि उत्तर-दक्षिण अंतर सुमारे १६३ किलोमीटर. पण अंतर कमी असल्यानं सावली मोजताना एक मिलिमीटर जरी इकडंतिकडं झालं तरी उत्तर हजार-दीड हजार किलोमीटरनं हलतं. सावलीचं टोक पुसटही असतं. तेव्हा उत्तरेकडचा कुणी, भोपाळ किंवा दिल्लीचा, सोबत घ्या. दिवस कुठलाही चालेल, फक्त प्रत्येकानं आपापल्या गावची आखूड सावली घ्यायची. घड्याळाची एकच वेळ धरायची नाही.

बालाघाटी

समोच्च रेषांचं मी सांगतो. गाव पाटोद्याकडं, घाटाच्या कडेला.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पोर्टलवर नोंदणी केली की १:५०,००० चे स्थलनिर्देशक नकाशे पीडीएफमध्ये फुकट मिळतात. तुमचा औसा-लातूरचा भाग ५६ बी मध्ये येतो, आमचा ४७ एन मध्ये. झेरॉक्सच्या दुकानातून रंगीत प्रिंट काढा, मोबाइलवर बघून काही कळत नाही. तपकिरी रेषा समोच्च. दोन रेषांत २० मीटरचा फरक. रेषा दाटल्या की चढ खडा, विरळ झाल्या की माळ. व्ही आकाराचं टोक चढाकडं गेलं की ओढा, उताराकडं आलं की डोंगराची सोंड.

आता खरी युक्ती. तुमच्या गावात पाणलोटाची कामं झाली असतील तर टेकडीवर जा. तिथं खोदलेले सलग समतल चर दिसतील. ते चर म्हणजे जमिनीवर काढलेली समोच्च रेषाच आहे. चराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा: ना चढ लागणार, ना उतार. ओढ्याशी आला की चर आत वळतो, सोंडेवर बाहेर येतो. मी श्रमदानाला होतो तेव्हा हायड्रोमार्करची नळी धरून आम्ही दोघं पाण्याची पातळी जुळवत टेकडीला अर्धा वळसा घालून गेलो. वर उभं राहून खाली बघितलं आणि नकाशातली ती वळणावळणाची रेघ फक्कड समजली. त्यानंतर मला समोच्च रेषेवर कुणी प्रश्न विचारलेला अडला नाही.

अजून एक बघा. या नकाशांत ज्या प्रवाहाला पाणी आहे तो निळा आणि कोरडा राहणारा काळा छापतात. आपल्या भागाचं पान उघडा. काळ्या रेषांचं जाळं दिसेल, निळं अगदी मोजकं. आपलं हवामान त्या एका पानावर वाचता येतं.

बोअरवाला भाऊ

वाचतोय. मी शिकलेला कमी, बोअरच्या गाडीवर हाय. पण तुमचं वाचून इचारावं वाटलं.

आमी भोक पाडताना भुकटी बाहेर येती ती रोज बघतो. आधी काळी माती, मग पिवळा मुरूम, तिथवर केसिंग घालतो. मग काळा कातळ लागला की राखेवानी भुकटी आन् गाडी दणाणती. बऱ्याच फुटावर एकदम हॅमर हलका चालतो, भुकटीत पांढरे-हिरवट गारेचे खडे येत्यात. मग मधीच लाल भुकटी, विटंवानी. ती गेली की पुन्ना काळा कातळ. औसा, निलंगा, लोहारा, सगळीकडं हेच, फूट तेवढं येगळे. लाल लागली की शेतकरी म्हणतो आता पाणी लागंल. कदी लागतं, कदी कोरडंच. पानाड्या कायबी सांगतो. हे खाली हाय तरी काय?

निवृत्त गुरुजी, परभणी

भाऊ, तुम्ही जे लिहिलंत ते एका प्रकरणाचं प्रात्यक्षिक आहे. ताई, हा प्रतिसाद जपून ठेवा.

साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथं जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला. एका दमात नाही, पुन्हा पुन्हा. एक थर पसरून थंड झाला, त्यावर दुसरा, तिसरा. भाकरीची चवड असते तसं दख्खनचं पठार तयार झालं. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर हा बेसॉल्ट आहे.

आता एक थर घ्या. त्याचा मधला भाग सावकाश थंड झाला, म्हणून घट्ट. तुमची गाडी दणाणते तो हा. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या. पुढं पाण्यातून आलेली खनिजं त्या पोकळ्यांत बसली. तेच तुमचे पांढरे-हिरवट खडे, झिओलाइट, गारगोटी वगैरे. हॅमर हलका चालतो तो इथं. आणि पुढचा लाव्हा यायला मधे पुष्कळ काळ गेला असेल तर थराचा माथा ऊनपावसानं कुजला, त्याची माती झाली. त्यावर तापलेला लाव्हा येऊन बसला. ती तुमची लाल भुकटी. म्हणजे ती जुन्या काळची जमीन आहे, दोन उद्रेकांच्या मधली.

पाण्याचं म्हणाल तर लाल थर चिकणमातीचा असतो. तो स्वतः पाणी फारसं देत नाही, उलट बोअरमध्ये तिथं कड ढासळते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. पाणी मिळतं ते भेगांत, पोकळ्यांच्या झिजलेल्या भागात आणि दोन थरांच्या सांध्यात. भेग सलग असेल तर लागतं, नसेल तर शेजारच्या बोअरला दोन इंची पाणी आणि तुमची कोरडी. दगडच असा आहे, त्यात शेतकऱ्याच्या नशिबाचा दोष नाही.

बोअरवाला भाऊ

ढासळतं, बरोबर हाय. लालमधी दोन डाव हॅमर अडकलाय. आता कळालं कामून.

देगलूरवाला

गुरुजी, एक भर. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला आमच्याकडं हे चित्र बदलतं. देगलूर-बिलोलीकडं बेसॉल्ट संपत जातो आणि ग्रॅनाइट वर येतो. शेताच्या कडेला गोल गोल मोठाले धोंडे एकावर एक पडलेले, रंग गुलाबी-करडा, माती वाळूमिश्रित. नायगावहून देगलूरला येताना खिडकीतून बघत राहिलं तर बांधावरचा दगडच बदलतो. मराठवाडा म्हटलं की सगळे काळी माती, काळा दगड लिहितात. परीक्षेत लिहा, पण आमच्याकडं येऊन बघा.

तेरणेकाठची

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. गुरुजी, मग किल्लारीखालीही हीच चवड का? आणि तिथं भूकंप का झाला?

निवृत्त गुरुजी, परभणी

हो, तीच. भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीजवळ खोल विंधन विवर घेतलं. सुमारे ३३८ मीटर बेसॉल्ट ओलांडल्यावर त्याहून कितीतरी जुना पायाचा खडक लागला. म्हणजे ही चवड तुमच्याकडं तशी पातळच आहे. सह्याद्रीकडं ती दीड-दोन किलोमीटरपर्यंत जाते.

पुस्तकातलं वाक्य चुकीचं नाही, पण अर्धं आहे. बहुतेक भूकंप भूपट्टांच्या कडेला होतात, सगळे नाही. भारतीय भूपट्ट वर्षाला साधारण पाच सेंटीमीटर उत्तरेकडं सरकतोय आणि तिकडं आशियाला भिडलाय. त्या रेट्याचा ताण सगळ्या भूपट्टाला जाणवतो. पायाच्या जुन्या खडकात जिथं दुर्बळ जागा, जुने प्रस्तरभंग (खडक तुटून सरकलेल्या भेगा) असतात, तिथं तो ताण हजारो वर्षं साठत राहतो आणि कधीतरी सुटतो. वर बेसॉल्ट पसरलेला असल्यानं या जागा पृष्ठभागावरून दिसत नाहीत. म्हणूनच हा भाग तोवर सुरक्षित समजला जायचा.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. परिमाण ६.२. जवळपास दहा हजार माणसं गेली. भूकंपाची नाभी, म्हणजे तो जमिनीखाली जिथून सुरू झाला ती जागा, उथळ होती, माणसं झोपेत होती, आणि घरं माळवदाची. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड छत. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच छत अंगावर आलं. तुमच्या अभ्यासक्रमात भूकंपाचं परिमाण आणि त्याची जागोजागची तीव्रता असे दोन वेगळे मुद्दे येतील. पहिला आकडा एकच असतो, दुसरा गावागणिक बदलतो. किल्लारी हे त्याचं उदाहरण म्हणून लिहा.

तेरणेकाठची

सासूबाई त्या रात्री गणपती विसर्जन बघून उशिरा झोपल्या होत्या. त्या नेहमी म्हणतात, जमीन आधी गुरगुरली. मी त्यांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला.

नांदेडची हवामानवेडी

हवेचा प्रश्न राहिलाय, तो मी घेते. हिशेबच करून बघू या.

कोकणात हवा २७ अंशांची आहे असं धरा. ती सह्याद्रीला अडून वर चढते. ढग होईपर्यंत ती किलोमीटरला साधारण १० अंशांनी थंड होते. कारण वर दाब कमी, हवा प्रसरण पावते, त्यात तिची उष्णता खर्च होते. ५०० मीटरवर ढग तयार झाला तर तिथं २२ अंश. इथून पुढं वाफेचं पाणी होताना अप्रकट उष्णता बाहेर पडते, म्हणून थंड होण्याचा वेग निम्म्यावर येतो, किलोमीटरला सुमारे ५ अंश. १३०० मीटरच्या माथ्यावर १८ अंश. पाऊस तिकडंच पडून गेला. आता ही हवा आपल्या बाजूला ६०० मीटरपर्यंत उतरते. ढग विरले, म्हणून पुन्हा १० अंशांचा दर: २५ अंश. चढताना याच उंचीवर ती साडेएकवीस होती. साडेतीन अंश वाढले, बाष्प कमी झालं. ताई, हीच तुमची कोरडी गरम हवा. आकडे बदलून स्वतः दोन-तीनदा मांडा, सवय होईल.

महाबळेश्वरला वर्षाला ५५०० मिलिमीटरच्या वर पाऊस, आष्टीच्या पट्ट्यात ६०० च्या आसपास. पण सगळं खापर पर्जन्यछायेवर फोडू नका. किनवट-माहूरकडं हजाराच्या आसपास पडतो. सह्याद्री दूर जातो तशी छाया फिकी होते आणि बंगालच्या उपसागरातून येणारे कमी दाबाचे पट्टे आमच्याकडं आधी पोहोचतात. सप्टेंबरचा पाऊस मराठवाड्याला तारतो तो बहुतेक त्यांच्याच जोरावर.

सीनाकाठ

तारतो तसा बुडवतोही. परांडा तालुक्यातून लिहितोय. सप्टेंबर २०२५ च्या पुरात नदीकाठच्या जमिनी खरडून गेल्या. ते दुःख वेगळं, पण अभ्यास करणाऱ्यांनी ती कड बघायला यावं. नदीनं सरळ सुरीनं कापल्यासारखा काठ उभा कापलाय. वर तीन-चार फूट काळी माती, तिच्यात वरून खाली गेलेल्या भेगा. खाली पिवळसर माती, तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे. मग मुरूम, त्यात अजून दगडाचा आकार ओळखू येतो पण हातानं चुरतो. तळाशी कातळ. पुस्तकात मृदेचे थर म्हणून जे चित्र आहे ते सगळं इथं उभं आहे.

आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूची जमीन गेली, आतल्या बाजूला वाळू येऊन पडली. आमच्या शेजाऱ्याचं रान गेलं आणि पलीकडच्याच्या रानात वाळूचा ढीग. काळी माती तयार व्हायला किती हजार वर्षं लागतात ते शिकलात की, आम्ही नुसती पिकाची भरपाई का मागत नाही, ते कळेल.

संभाजीनगरचा प्रवासी

सीनाकाठ, वाचून कसंसंच झालं. काळजी घ्या.

नदीच्या वळणाचंच म्हणायचं तर अजिंठा बघा. वाघूर नदीनं कातळात घोड्याच्या नालाच्या आकाराचं वळण कोरलंय आणि त्याच कड्यात लेणी. समोरच्या व्ह्यू पॉइंटवरून अख्खं वळण दिसतं. कड्यात लाव्हाचे आडवे थरही मोजता येतात. लेणी बघून परत फिरू नका, वर चढा.

पण माझी एक शंका आहे. सगळं आपल्या गावाशीच जोडायचं म्हटलं तर हिमनदी, किनारा, वाळवंट यांचं काय? पेपरात त्यावरही प्रश्न येतात. मी स्वतः दूरशिक्षणातून केलंय. आवडतं ते खोल केलं आणि उरलेली प्रकरणं कच्ची राहिली अशी माणसं मी बघितली आहेत.

बालाघाटी

शंका रास्त आहे. मी गूगल अर्थ आणि इस्रोचं भुवन वापरलं. गंगोत्रीच्या वर गोमुखाकडं जाऊन दरीचा छेद बघायचा, मग आपल्याकडचा सौताड्याच्या धबधब्याखालचा. हिमनदीनं घासलेली दरी यू आकाराची, नदीनं कापलेली व्ही आकाराची. दोन्ही शेजारी ठेवली की फरक पक्का होतो. तरी मान्य करतो, समुद्राची भरती-ओहोटी मी कोकणात जाईपर्यंत मला नीट कळली नव्हती. त्याला घरबसल्या उपाय मला सापडलेला नाही. कुणाला माहीत असेल तर लिहा.

नांदेडची हवामानवेडी

भरती-ओहोटीच्या वेळांचे तक्ते नेटवर मिळतात. महिनाभर मुंबईच्या वेळा आणि उंची लिहून काढा, शेजारी चंद्राची तिथी लिहा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण (मोठी भरती) आणि अष्टमीला भांग (लहान भरती), हे आकड्यांतून दिसतं. भरती रोज पाऊण-एक तास पुढं सरकते तेही.

ताई, व्यवहाराचं थोडं: नेट चांगलं असेल तेव्हा व्हिडिओ डाउनलोड करून ठेवा. स्वयमवर शिकणं फुकट असतं, परीक्षेला आणि प्रमाणपत्राला फी लागते आणि नोंदणीची तारीख वेगळी असते. ती चुकवू नका. गृहपाठात स्वतः काढलेली आकृती आणि स्वतः मोजलेला आकडा जरूर घाला.

तेरणेकाठची

घालते. काठी रोवली आहे, ओळंबा दिरांनी लावून दिला. या आठवड्यात नकाशाची प्रिंट काढायला लातूरला जाणार आहे. टेकडीवरचे चर आमच्या शिवारातही आहेत, रोज दिसतात.

बोअरवाले भाऊ, आमच्याकडं आलात तर भुकटी बघायला मिळेल का?

बोअरवाला भाऊ

मिळंल की ताई. आता पुढच्या बोअरला दर दहा फुटाला मूठभर भुकटी पिशवीत भरतो आन् वर फूट लिहितो. पाणी कुटं लागलं ते बी लिहितो. गाडी उजनी-आशिवकडं यायची हाय. कंपनीच्या पोरांना सांगून ठिवतो, पिशव्या फेकू नका म्हनून.

निवृत्त गुरुजी, परभणी

भाऊ, पिशवीवर गावाचं नाव, शेताचा गट नंबर आणि तारीखही लिहा. भुकटी ओली असेल तर सावलीत वाळवून मग पिशवी बांधा, नाहीतर रंग बदलतो. एक संच माझ्यासाठीही ठेवा, एसटीचं भाडं काढून मी येतो.